वसाहतीच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्राची रोजची देखभाल

सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात पाणी स्वच्छ करण्याचे खरे काम जिवाणू करतात. पंप, पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर आणि टाक्या त्यांना जगवण्यासाठी असतात. म्हणून देखभाल करणाऱ्याने यंत्रांइतकेच लक्ष टाकीतल्या गाळाकडे, म्हणजे याच जिवाणूंच्या पुंजक्यांकडे, द्यावे.

सुरुवातीच्या जाळीतला कचरा रोज काढावा आणि तेलकट तवंग पुढे जाऊ देऊ नये. त्यानंतरच्या समतोल टाकीत सकाळी पाण्याचा लोंढा येतो, मध्यरात्री जवळजवळ काहीच येत नाही. तिथून पुढे मात्र पाणी दिवसरात्र सारख्याच वेगाने सोडावे.

वायुवीजन टाकीत, म्हणजे जिथे ब्लोअरने हवा सोडली जाते त्या टाकीत, दर लिटर पाण्यामागे सुमारे २ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू टिकला पाहिजे. वीजबिल वाचवण्यासाठी रात्री ब्लोअर बंद ठेवण्याचा मोह अनेक व्यवस्थापन समित्यांना होतो. परंतु हवा काही तास थांबली की गाळ तळाशी बसून कुजू लागतो, काळा पडतो आणि ब्लोअर पुन्हा सुरू होताच दुर्गंधी सगळीकडे पसरते. निरोगी गाळ तपकिरी असतो व त्याला ओल्या मातीसारखा वास येतो.

त्याची प्रकृती तपासायला महागडे उपकरण लागत नाही. ब्लोअर चालू असताना टाकीतले एक लिटर मिश्रण पारदर्शक मोजपात्रात घ्यावे, हलकेच ढवळून ३० मिनिटे उन्हापासून दूर, धक्का न लावता ठेवावे आणि गाळ कितव्या खुणेपर्यंत बसला ते नोंदवावे. २०० ते ३०० मिलिलिटर गाळ आणि वर नितळ पाणी दिसले, तर साधारणपणे सारे ठीक आहे असे समजावे. आकडा ७०० च्या पुढे गेला तरी लगेच गाळ उपसायला धावू नये. त्याच मिश्रणात तितकेच शुद्ध झालेले पाणी घालून चाचणी पुन्हा करावी: आता गाळ झटकन बसला, तर तो प्रमाणाबाहेर वाढला आहे व रोज थोडाथोडा काढावा, तरीही तरंगत राहिला, तर तंतुमय जिवाणू माजले आहेत आणि हवा कमी पडते आहे का, ते आधी पाहावे.

हेच पात्र आणखी तास-दोन तास ठेवल्यावर बसलेला गाळ बुडबुड्यांसह वर आला, तर तो नायट्रोजन वायूचा परिणाम असतो. वायुवीजनानंतर गाळ खाली बसवणाऱ्या निवळण टाकीतही गाळाची ढेकळे तरंगत असतील, तर तिथला गाळ वायुवीजन टाकीत परत नेण्याचा वेग वाढवावा.

गाळून घेतलेल्या पाण्यात शेवटी क्लोरीन मिसळावे व त्याला किमान अर्धा तास द्यावा. हेच क्लोरीन उलट्या बाजूने आत आले, तर जिवाणूंसाठी घातक ठरते. म्हणून पिण्याच्या पाण्याच्या टाक्या धुतल्यावर उरलेले ब्लीचिंगचे पाणी एकदम सांडपाण्याच्या नळात ओतू नये, अशी सूचना टाक्या धुणाऱ्यांना आधीच द्यावी.