मालक न भेटता गाडी घेताना

जुनी गाडी ओळखीतून घेतो तेव्हा आपण मालकाच्या घरी जातो, चहा घेतो आणि सहज विचारल्यासारखं विचारतो, ‘का विकताय?’ उत्तरापेक्षा चेहरा जास्त बोलतो. बँकेच्या लिलावात हा चहाच नाही. हप्ते थकले म्हणून ओढून आणलेली गाडी यार्डात धूळ खात उभी असते, विकणाऱ्याने ती कधी चालवलेली नसते आणि अटींच्या पहिल्याच पानावर ‘जशी आहे तशी, जिथे आहे तिथे’ असं छापलेलं असतं. मालकाला विचारायचं ते सगळं मग कागदांना आणि गाडीलाच विचारायचं.

सुरुवात घरी बसून करा, बयाणा भरायच्या आधी. लिलावाच्या यादीतला गाडीचा नंबर एमपरिवहन या सरकारी ॲपमध्ये टाका. मालकाचं नाव अर्धं झाकलेलं दिसेल, त्याच्याशी आपल्याला घेणं नाही. नोंदणीची तारीख, मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहेत, हे वहीत उतरवून घ्या. बोजा, म्हणजे गाडीवरच्या कर्जाची नोंद, कोणाचा दिसतो ते दोनदा वाचा. लिलाव एक बँक करतेय आणि नोंदीत बोजा दुसऱ्याचाच असेल, तर खुलासा लेखी मिळेपर्यंत तो नंबर वहीतून खोडा. ब्लॅकलिस्टचा शेरा असेल तर तेच. वाहनाच्या वर्गापुढे मोटार कार आहे की कॅब, हेही बघा. इंधनापुढे नुसतं पेट्रोल आणि फोटोत डिकीत सिलेंडर दिसत असेल, तर सीएनजी किट आरसीवर चढवलेलंच नाही. चढवलेलं असलं तरी सिलेंडरची दर तीन वर्षांनी होणारी तपासणी शेवटची कधी झाली, ते यार्डात पाटीवर बघायचं राहतंच.

दिल्लीच्या नंबरची डिझेल गाडी निम्म्या किमतीत दिसली तर हुरळू नका. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये तिथे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये ती उचलून धरली, आणि अशा गाड्या इतर राज्यांकडे वळल्या. गाडी वाईट असेलच असं नाही. पण मूळ आरटीओचा ना-हरकत दाखला (एनओसी), इथला कर आणि नवीन नंबर हा सगळा खर्च त्या ‘निम्म्या’ किमतीत मिळवून बघा.

आता ई-चलान. बहुतेक लोक फक्त थकबाकीचा आकडा बघतात, कारण ती भरल्याशिवाय गाडी नावावर होताना अडते. मी तारखा, वेळा आणि ठिकाणं वाचतो. ‘घरगुती वापर, एकच मालक’ असं वर्णन असलेल्या एका गाडीवर अकरा चलानं होती आणि त्यातली आठ पुणे-मुंबई एक्सप्रेसवेवर वेगमर्यादा ओलांडल्याची, पहाटे तीन ते पाचमधली. घरातलं कोण रोज पहाटे तीनला मुंबईला निघतं? पांढऱ्या पाटीवर विमानतळाची भाडी मारलेली गाडी होती ती. मालकाने चहा पाजून हे कधी सांगितलं नसतं.

विम्याची जुनी पॉलिसी मिळाली तर नो क्लेम बोनसचा रकाना बघा. क्लेम न घेता वर्षं गेली की तो 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढत जातो. पाच-सहा वर्षांच्या गाडीला तिथे शून्य असेल, तर बहुधा गेल्या वर्षी क्लेम झालाय किंवा विमा बराच काळ बंद होता. दोन्हींत विचारण्यासारखं आहे.

पुढचा थांबा अधिकृत सर्व्हिस सेंटर. चासी नंबरावरून गाडीचा अख्खा हिशेब त्यांच्या संगणकात असतो. मालक नसताना छापील प्रत देतीलच असं नाही, पण काउंटरवरचा माणूस ‘शेवटची सर्व्हिस किती किलोमीटरला’ एवढं बऱ्याचदा सांगतो. गाडी एमएच-09 किंवा एमएच-10 असेल तर ऑगस्ट 2019 नंतरची बिलं विचारा, आणि एमएच-08 असेल तर जुलै 2021 नंतरची. कोल्हापूर, सांगली आणि चिपळूण या गावांची नावं मी इथे उगीच घेत नाही. पुराच्या पाण्यातून निघालेली गाडी धुऊनपुसून लखलखीत होते, वायरिंग मात्र वर्षभराने दगा देतं.

मगच यार्ड. शक्यतो सकाळी जा, सोबत आपला मेकॅनिक, टॉर्च, जुनं फडकं आणि ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातल्या बिघाडांच्या नोंदी वाचणारं यंत्र. चालवून बघायला मिळत नाही, फार तर स्टार्ट करून दाखवतात, तेही बॅटरीत जीव असला तर. म्हणून उभ्या गाडीतच शोधायचं. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा. रोज वापरात येणारा भाग धुतलेला असतो, आत गुंडाळून राहणारा शेवटचा हातभर पट्टा कुणी धूत नाही, आणि चिखलाची रेघ तिथेच सापडते. स्टेपनीखालचा खड्डा आणि सीटच्या रुळांवरचा गंज बघा. टायरवर चार अंक कोरलेले असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवतोय आणि टायरचा अख्खा सेट बदललेला असेल, तर तो मीटर ऐकून घ्या, मानू नका.

एका गाडीचा मीटर होता 71 हजार. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या झाकणाशेजारी तेलाने काळवंडलेलं स्टिकर, त्यावर बॉलपेनने लिहिलेलं, ‘पुढील ऑइल बदल 96,000’. मीटर मागे फिरवणाऱ्याने आतलं सगळं केलं, दहा पैशांचं स्टिकर काढायचं विसरला.

चासी नंबरावर वेळ घालवा. सतरा अक्षरं, त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं नसतात. फडक्याने पुसून एकेक अक्षर आरसीशी ताडा. आजूबाजूला घासल्याची खूण किंवा तेवढ्याच तुकड्याला ताजा रंग दिसला तर निघून या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरतात, सांगाडा भंगारात विकला जातो आणि त्याचे कागद आणि नंबर चोरीच्या गाडीला लावायचा धंदा जुनाच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या संकेतस्थळावर गाडी चोरीची आहे का हे बघता येतं. बघाच.

राहिले बँकेने द्यायचे कागद. तोंडी ‘देऊ हो साहेब’ चालणार नाही, ईमेलवर घ्या. मूळ आरसी आहे की दुय्यम काढावी लागेल, बोजा उतरवायचा फॉर्म 35 कधी मिळेल, गाडी नावावर करायचे, जुन्या मालकाच्या सह्यांचे फॉर्म 29 आणि 30 आहेत की बँक फॉर्म 36 भरून आधी गाडी स्वतःच्या नावावर घेणार? लिलाव सरकारी खात्याचा असेल तर खरेदीदाराने ताबा मिळाल्यापासून तीस दिवसांत गाडी नावावर करायचा फॉर्म 32 भरायचा असतो. चलानं आणि यार्डाचं भाडं कुणी भरायचं, हेही त्याच ईमेलात. माझ्या मावसभावाने हे विचारलं नव्हतं. गाडी दारात आली, आरसी पाच महिन्यांनी. तोवर तो बुधवारी मंडईत रिक्षानेच जायचा आणि गाडीवर कव्हर घालून ठेवायचा.

बोलीचा वरचा आकडा या सगळ्या खर्चांची वजाबाकी करून आदल्या रात्री कागदावर लिहा आणि तो कागद बायकोच्या नाहीतर नवऱ्याच्या हातात द्या. शेवटच्या दोन मिनिटांत आपला आपल्यावर भरवसा नसतो.

बोली लागलीच, तर यार्डातून गाडी उचलायच्या आधी विमा उतरवा. कागद आपल्या नावावर नाहीत म्हणून विमा कंपनी का-कू करत असेल, तर टोचनवाल्याला फोन करा. किल्ली मिळाली म्हणून चालवत आणू नका.