जुन्या लॅपटॉपचा प्रोसेसर बदलायचाय? आधी ‘पॅकेज’ बघा

गेम अडखळतो म्हणून वेगवान प्रोसेसर मागवायचा आणि लॅपटॉप उघडल्यावर कळायचं, की मूळ प्रोसेसर मदरबोर्डला सोल्डर केलेला आहे. हे स्क्रू न काढताही कळतं.

१. सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडा. पहिल्याच टॅबमध्ये ‘पॅकेज’ ही ओळ दिसेल. तिथे ‘बीजीए’ असेल तर प्रोसेसर सोल्डर केलेला आहे, विषय संपला. ‘पीजीए’ असेल तर प्रोसेसर सॉकेटमध्ये आहे, निघतो. इंटेलच्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये ही सोय चौथ्या पिढीपर्यंतच होती, आणि तेव्हाही मॉडेल नंबरच्या शेवटी ‘यू’ किंवा ‘एचक्यू’ असलेल्यांना नव्हती.

२. गेम चालू ठेवून जीपीयू-झेड या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘जीपीयू लोड’, म्हणजे ग्राफिक्स चिपवरचा ताण, बघा. आकडा सतत ९५ टक्क्यांच्या वर असेल तर दमलंय ते ग्राफिक्स. प्रोसेसर बदलून काही हाती लागणार नाही. अंगभूत (प्रोसेसरमध्येच असलेलं) ग्राफिक्स असेल आणि रॅमची एकच पट्टी असेल, तर तेवढ्याच क्षमतेची दुसरी पट्टी लावा. माझ्या मते पहिला खर्च हाच करावा.

सावधान: ३५ वॉटच्या जागी ४५ वॉटचा प्रोसेसर बसतो, पण पंखा पुरा पडला नाही तर प्रोसेसर तापून स्वतःच वेग उतरवतो. तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधल्या (कंपनीच्या दुरुस्ती-पुस्तिकेतल्या) प्रोसेसरच्या यादीतलाच घ्या. बाकीचे प्रोसेसर बायोस, म्हणजे लॅपटॉप सुरू करणारं मदरबोर्डवरचं सॉफ्टवेअर, ओळखेलच असं नाही.