मुलाखतीचा सराव करताय? या चुका टाळा

कॅम्पसला कंपनी येणार म्हटलं की सोलापुरातली मुलं आरशासमोर उभी राहून उत्तरं घोकायला लागतात. 'मायसेल्फ अमुक, फ्रॉम सोलापूर'पासून 'थँक यू सर'पर्यंत सगळं तोंडपाठ. मग समोरच्यानं मध्येच विचारलं, "हे तुम्ही स्वतः केलंत का?" की बोबडी वळते.

पाठांतरालाच सराव समजणं

उत्तर शब्दशः लिहूच नका. चार मुद्दे टिपा: अडचण काय होती, तुमच्यावर काय सोपवलं होतं, तुम्ही काय केलंत, शेवटी काय झालं. टॉवेल कारखान्यात इंटर्नशिप केलेला मुलगा सांगतो, "आम्ही स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवलं." आम्ही म्हणजे कोण? चौघांत तुमच्या वाट्याला फक्त नोंदीचा फॉर्म आला असेल, तर तेच सांगा. "सूत किती आलं आणि टॉवेल किती निघाले याचा मेळ वहीत बसत नव्हता. मी फॉर्म केला, त्यात चुकीचा आकडा टाकला की नोंद पुढे जात नाही." यावर कितीही उपप्रश्न येऊ देत, उत्तरं तुमच्याकडे असतात.

'कसं झालं?' एवढंच विचारणं

मित्र 'भारी!'च म्हणणार, दोस्तीत दुसरं काय म्हणेल? त्याला काम नेमून द्या. कुठलं वाक्य कळलं नाही, मूळ मुद्द्यावर यायला किती वेळ लागला, एवढंच त्यानं बघायचं. दोन मिनिटं झाली की थांबवायचं आणि प्रत्येक उत्तरावर एक तरी उलटा प्रश्न टाकायचा. फोनवर रेकॉर्डिंग करा. एकदा नुसतं ऐका, 'बेसिकली' किती वेळा आलं ते कळेल. एकदा आवाज बंद करून बघा, म्हणजे हातांचे चाळे दिसतील.

सूचना ऐकून सोडून देणं

माझ्या मते सगळ्यात महाग चूक हीच. मान डोलावून पुढच्या प्रश्नाकडे जाऊ नका. तेच उत्तर तिथल्या तिथे पुन्हा द्या. एका बैठकीत एकच दोष धरा. आवाज, इंग्रजी, बसणं, सगळं एकदम सुधारायला गेलात तर बोलणंच खुंटतं.

सगळा दोष इंग्रजीवर ढकलणं

घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत मराठी आणि मुलाखत इंग्रजीत, हे सोलापूरला नवं नाही. तेच उत्तर आधी मराठीत देऊन बघा. तिथेही अडखळलात तर मुद्दाच कच्चा आहे, आणि त्यावर स्पोकन इंग्लिशच्या क्लासचा इलाज नाही.

नको असलेले प्रश्न सरावातून वगळणं

"पुण्यात राहायची तयारी आहे का?" हे विचारतातच. "घरी विचारून सांगतो" म्हणण्यापेक्षा आधीच विचारून ठेवा. पगाराची अपेक्षाही मोठ्यानं बोलून बघा. पहिल्यांदा आकडा घशातच अडकतो. पुणे अडीचशे किलोमीटर आहे, सकाळची मुलाखत असेल तर आदल्या दिवशीच पोहोचा. ऑनलाइन असेल आणि शेजारी यंत्रमाग चालत असतील, तर त्याच वेळेला आवाज तपासून घ्या.

घरी जमतं, तिथे घाम फुटतो?

मग ऐकणारा बदला. रोजच्या मित्राला तुमची गोष्ट पाठ झालेली असते. नोकरीला लागलेल्या सीनियरला व्हिडिओ कॉलवर बसवा, किंवा मित्राच्या अशा काकांना ज्यांना तुमच्या विषयातलं काही कळत नाही. एचआरच्या पहिल्या फेरीत पुष्कळदा असाच माणूस समोर असतो.