केल्पच्या हॅचरीत या चुका टाळा

केल्प म्हणजे मोठं तपकिरी समुद्री शेवाळ. हॅचरीत त्याची रोपं टाकीत, दोरा गुंडाळलेल्या रिळावर वाढवतात. चौथ्या आठवड्यात रिळावर रोपांच्या तपकिरी मखमलीऐवजी बुळबुळीत थर दिसला की हात आधी खताच्या बाटलीकडे जातो. दोष बहुधा तिथे नसतो. तो पहिल्याच दिवशी सोरसच्या तुकड्यावर बसून टाकीत शिरलेला असतो.

सोरस म्हणजे पक्व पानावरचा बीजाणू धरणारा गडद, किंचित उठावदार पट्टा. शुगर केल्प या जातीत तो पानाच्या मधल्या भागात येतो. तेवढाच कापून घ्या. फिकट कडा आणि जीवजंतू चिकटलेले भाग हळहळ न करता फेकून द्या. बोथट पात्याने दोन्ही बाजू खरवडा, टिश्यू पेपरने पुसा, पोव्हिडोन आयोडीनच्या सौम्य द्रावणात अर्धा ते एक मिनिट बुडवा आणि थंड, निर्जंतुक समुद्रपाण्यात दोन-तीनदा धुवा. आयोडीनमध्ये तुकडे विसरलात तर डायटम या सूक्ष्म, एकपेशी शेवाळांबरोबर बीजाणूही मरतात.

पुढची पायरी घाईत गाळली जाते. तुकडे ओलसर कागदात गुंडाळून १० अंश सेल्सिअसला अंधारात १२ ते २४ तास ठेवायचे असतात. हा ताण मिळाला की पुन्हा थंड पाण्यात टाकल्यावर बीजाणू अर्ध्या-एक तासात एकदम सुटतात. नाही मिळाला तर रडतखडत. पाणी तपकिरी, गढूळ झालं की तुकडे लगेच काढा. जास्त वेळ ठेवल्यास त्यांचा चिकट द्रव पाण्यात उतरतो आणि जिवाणूंना आयतं खाद्य मिळतं.

अंदाजाने ओतू नका, मोजा. आधी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू पोहताहेत का ते पाहा, मग थोड्या नमुन्यात आयोडीनचा थेंब टाकून त्यांना थांबवा आणि हिमोसायटोमीटर या चौकटी आखलेल्या मोजणीच्या काचेवर मोजा. टाकीत दर मिलिलिटरला ५,००० ते १०,००० बीजाणू पुरतात. १०० लिटरच्या टाकीत ५,००० ची घनता हवी तर ५० कोटी बीजाणू लागतील. बीजाणूंच्या द्रावणात दर मिलिलिटरला ५ लाख असतील, तर १ लिटर ओता. दाटी झाली की रोपं एकमेकांना दाबतात आणि समुद्रात झुबक्यांनी गळतात. विरळ राहिली तर मोकळ्या दोऱ्यावर दुसरंच शेवाळ बसतं. ओतल्यावर पहिले २४ तास हवेचा पंप बंद ठेवा. नवा नायलॉन दोरा कारखान्यातला लेप जाईपर्यंत पाणी बदलत आधीच भिजवलेला हवा.

डायटम दिसले तर जर्मेनियम डायऑक्साइड लिटरला सुमारे अर्धा मिलिग्रॅम. त्याने त्यांचं सिलिकाचं कवच बनणं थांबतं. बसलेला थर मात्र निघत नाही आणि हिरव्या शेवाळावर त्याचा उपयोग नाही. मात्रा वाढवण्याचा मोह आवरा, केल्पचीही वाढ खुंटते.

सर्वांत बुचकळ्यात टाकणारी तक्रार अशी: गॅमिटोफाइट, म्हणजे बीजाणूतून उगवणारी सूक्ष्म तंतूंसारखी अवस्था, छान वाढतात, तंतू लांबतात, पण रोपं येतच नाहीत. तीन गोष्टी तपासा. तापमान १० अंशांच्या आसपास आहे का? दिव्यात निळा प्रकाश आहे का? नुसत्या लाल प्रकाशात गॅमिटोफाइट तंतूच वाढवत राहतात, अंडी धरत नाहीत. म्हणूनच साठवणीचे कल्चर मुद्दाम लाल प्रकाशात ठेवतात. तिसरी गोष्ट लोह: ते ईडीटीए या लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनासोबत द्या, नाहीतर ते तळाला बसतं.

प्रकाश पहिल्या आठवड्यात २० मायक्रोमोलच्या (दर चौरस मीटर, दर सेकंद) आसपास, मग हळूहळू ५० च्या पुढे. सुरुवातीलाच झगझगीत प्रकाश दिलात तर कोवळ्या पेशी पांढऱ्या पडतात. पोषकपाणी दर आठवड्याला बदला.

रोपं एक-दोन मिलिमीटरची झाली की रीळ समुद्रात न्यायला हरकत नाही. नेताना ती थंड, ओली आणि सावलीत ठेवा. होडीवरच्या वाऱ्यात दोरा चटकन सुकतो. एक रीळ मात्र टाकीतच मागे ठेवा. समुद्रातली रोपं गळाली आणि हे रीळ भरत गेलं, तर चूक हॅचरीत शोधण्याआधी वाहतूक आणि पाण्याचं तापमान तपासा.