पूल टीव्हीवर दाखवायचा, तर नजर पांढऱ्या बॉलवर ठेवा

सामन्यांच्या थेट प्रक्षेपणात कोणता कॅमेरा कधी घ्यायचा, हे मी ठरवते. पूल म्हणजे टेबलावर काठीने पांढरा बॉल मारून बाकीचे बॉल पॉकेटमध्ये घालायचा खेळ. तो बघताना लोक चॅनेल बदलतात, कारण बॉल पॉकेटमध्ये गेला एवढंच त्यांना दिसतं. व्यावसायिक खेळाडूच्या हातून तो बहुतेक वेळा जातोच. खरी कसोटी असते पुढच्या शॉटसाठी पांढरा बॉल नेमका कुठे थांबवायचा, याची. सगळं प्रक्षेपण या एका गोष्टीभोवती बांधा.

आधी खेळप्रकार ठरवा. अमेरिकन खेळाडू विली मोस्कोनीने १९५४ मध्ये स्ट्रेट पूलमध्ये, म्हणजे कोणताही बॉल कोणत्याही क्रमाने घेता येतो त्या प्रकारात, सलग ५२६ बॉल पॉट केले (पॉकेटमध्ये घातले). पराक्रम अफाट, पण अशी एकाच खेळाडूची लांबलचक खेळी टीव्हीवर बघत बसणं नवख्याला जड जातं. नाइन-बॉल घ्या. टेबलावरच्या सर्वांत लहान आकड्याच्या बॉलला पांढरा आधी लागला पाहिजे, आणि नियमात राहून ९ नंबर पॉट करेल त्याचा रॅक, म्हणजे तो डाव. पुढचा बॉल कोणता हे घरबसल्या कळतं, म्हणून पांढरा कुठे जायला हवा याचा अंदाजही बांधता येतो.

आता कॅमेरे. इथे मी अजिबात तडजोड करत नाही. खेळायची जागा १०० बाय ५० इंच, म्हणजे वरून घेतलेल्या चित्रात अख्खं टेबल पडद्यावर छान बसतं. खेळाडू टेबलाभोवती फिरून विचार करत असतो, तेव्हाच हे वरचं चित्र द्या आणि समालोचकाला बोलू द्या: "तीन नंबर कोपऱ्यात, पांढरा दोन कुशन घेऊन चारच्या मागे." (कुशन म्हणजे टेबलाची रबरी कड.) मग खेळाडूचे डोळे, मग शॉट. बॉल पडला की पॉकेटचा क्लोज-अप घ्यायचा मोह होतो. तो रिप्लेसाठी राखून ठेवा. पांढरा पूर्ण थांबेपर्यंत चित्र बदलू नका. तो चार इंच पुढे सरकला की प्रेक्षकाच्या तोंडून "अरेरे" निघतं, आणि त्यासाठीच तर आपली सगळी धडपड.

बॉलही टीव्हीसाठी बनवलेलेच वापरा. पारंपरिक संचातला जांभळा ४ पडद्यावर काळ्या ८ सारखा भासतो, म्हणून टीव्हीच्या संचात ४ गुलाबी आणि ७ फिकट तपकिरी असतो. पांढऱ्यावर लाल ठिपके असतात, त्यामुळे स्लो मोशनमध्ये स्पिन स्पष्ट दिसतो.

सेफ्टीवर, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला सोपा शॉट मिळू नये म्हणून खेळलेल्या बचावात्मक शॉटवर, जास्त मेहनत घ्या. नवख्याला वाटतं, काहीच घडलं नाही. पांढऱ्यापासून पुढच्या बॉलपर्यंत ग्राफिक्सने रेष काढा आणि ती मधल्या बॉलवर अडलेली दाखवा. १९९५ मध्ये एफ्रेन रेयेसने अर्ल स्ट्रिकलंडविरुद्ध दोन कुशन घेऊन आडोशाचा ५ नंबर पॉट केला, तो शॉट आजही लोक शोधून बघतात. पण त्यातली जादू कळायला वाट अडलेली आहे, हे आधी दिसावं लागतं.

शॉट क्लॉक, म्हणजे प्रत्येक शॉटसाठी वेळ मोजणारं घड्याळ, ठेवा, पडद्यावर ठळक दाखवा. युरोप विरुद्ध अमेरिका अशा मोस्कोनी कप स्पर्धेत तो ३० सेकंदांचा असतो. मात्र वेग वाढला की प्रेक्षक वाढतील, असं समजू नका. पूलसारखाच टेबलावरचा खेळ असलेल्या स्नूकरच्या १९८५ च्या विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात डेनिस टेलर आणि स्टीव्ह डेव्हिस यांची विजेता ठरवणारी शेवटची फ्रेम (डाव) ६८ मिनिटं चालली, आणि ब्रिटनमध्ये मध्यरात्रीनंतरही १ कोटी ८५ लाख लोक ती बघत होते. कशासाठी झुंज चाललीय, हे प्रत्येकाला ठाऊक होतं. घड्याळाचं काम ताण दाखवण्याचं.

खेळाडूंना मायक्रोफोन लावा. १९७८ मध्ये अमेरिकेत मोस्कोनी विरुद्ध मिनेसोटा फॅट्स नावाने ओळखला जाणारा बडबड्या खेळाडू, हा सामना टीव्हीवर गाजला. जिंकला मोस्कोनी, पण फॅट्सच्या बडबडीनेही लोकांना धरून ठेवलं. दुहेरीच्या लढती जरूर ठेवा. जोडीदार शॉटआधी आपसात कुजबुजतात, तेव्हा डावपेच थेट खेळाडूच्या तोंडून ऐकू येतात. त्या वेळी समालोचकाने गप्प राहायचं.

स्पर्धेआधी एका सराव सामन्याचं चित्रण पूल कधीच न खेळलेल्या माणसाला दाखवा. प्रत्येक शॉटआधी थांबवून विचारा, पांढरा कुठे थांबायला हवा? दोन-तीन रॅकनंतरही त्याला बोट ठेवता येत नसेल, तर वरचं चित्र आणखी आधी घ्या आणि जास्त वेळ ठेवा.