जंतुनाशक फवारल्यावर लगेच पुसू नका

ठाण्याच्या वागळे इस्टेटमधील आमच्या कार्यालयात रोज सकाळी टेबले जंतुनाशकाने पुसली जातात. सफाई करणाऱ्या मावशी उजव्या हाताने फवारतात आणि डाव्या हातातील फडके त्याच क्षणी मागून फिरते, त्यामुळे पृष्ठभाग चकचकीत होतो, लिंबाचा वासही दरवळतो. मात्र जंतू मरण्यासाठी लागणारा वेळ त्या द्रावणाला मिळतच नाही. दोष मावशींचा नाही, कारण बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत काय छापले आहे ते त्यांना कोणी वाचून दाखवलेले नसते.

पृष्ठभाग किती वेळ ओला राहिला पाहिजे, हे त्या छापील मजकुरातच दिलेले असते. काही उत्पादनांना एक मिनिट पुरते, तर काहींना दहा मिनिटे लागतात. तेवढ्या वेळात द्रावण सुकू लागले, तर पुन्हा थोडे लावावे. त्याआधीची पायरीही तितकीच महत्त्वाची आहे. ओट्यावर तेलाचा थर किंवा लादीवर चिखल असेल, तर जंतुनाशकाची शक्ती त्या मळावरच खर्ची पडते, विशेषतः ब्लीचची. म्हणून आधी साबणाच्या पाण्याने घासावे, स्वच्छ पाण्याने साबण काढावा आणि मगच जंतुनाशक लावावे. रोजच्या लादीला एरवी साबणाचे पाणी पुरेसे असते. घरात कोणी आजारी असेल, कच्चे मांस किंवा मासळी ओट्यावर कापली असेल, किंवा लिफ्टची बटणे, दरवाज्यांच्या मुठी आणि जिन्याचे कठडे अशा अनेकांचे हात लागणाऱ्या जागा असतील, तर जंतुनाशक जरूर वापरावे.

ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. बाटलीवर ५ टक्के लिहिले असेल, तर २० मिलिलिटर ब्लीच आणि बाकी पाणी मिळून एक लिटर द्रावण करावे. त्याची तीव्रता साधारण ०.१ टक्का होते आणि नेहमीच्या वापरासाठी ती पुरते. रक्त किंवा उलटी सांडली असेल, तर आधी ती कागदाने टिपून घ्यावी आणि मग त्या जागी १०० मिलिलिटर ब्लीच व ९०० मिलिलिटर पाणी असे तीव्र द्रावण वापरावे. झाकणाच्या अंदाजाने ओतण्यापेक्षा जुन्या खोकल्याच्या औषधाबरोबर आलेले माप केवळ या कामासाठी वेगळे ठेवलेले बरे. पाणी थंडच घ्यावे आणि द्रावण रोज ताजे करावे, कारण पातळ केलेले ब्लीच लवकर निकामी होते. एप्रिल-मेच्या उन्हात बाल्कनीत ठेवलेली मूळ बाटलीसुद्धा हळूहळू कमजोर होत जाते.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. दोन्हींच्या संयोगातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरमध्ये ब्लीच मिसळले, तर क्लोरामाइनचे विषारी वायू तयार होतात. ऐरोली-घणसोलीतील अनेक फ्लॅटमध्ये न्हाणीघराची खिडकी केवळ डक्टमध्ये उघडते आणि अशा कोंदट जागेत हे वायू लवकर साचतात. आमच्या घरी एकदा कमोडमध्ये आधीचे ॲसिड असतानाच वरून ब्लीच ओतले गेले आणि दोन-तीन श्वासांतच डोळे चुरचुरू लागले, घशात ठसका बसला. असे झाल्यास काहीही आवरत न बसता तत्काळ बाहेर मोकळ्या हवेत यावे, आणि श्वास घेण्यास त्रास होत असेल, तर १०८ वर रुग्णवाहिका मागवावी. एका द्रव्यानंतर दुसरे वापरायचेच असेल, तर आधी भरपूर पाणी टाकून जागा पूर्ण धुवावी. काम करताना एक्झॉस्ट पंखा चालू ठेवावा, दार उघडे ठेवावे आणि हातात रबरी मोजे घालावेत.

मोबाइल, संगणकाचा कळफलक किंवा स्विचबोर्ड यांवर काहीही थेट फवारू नये. उपकरण बंद करून ७० टक्के अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या फडक्याने पुसावे. जास्त टक्क्यांचे अल्कोहोल अधिक प्रभावी असेल असे वाटते, मात्र जंतूंमधील प्रथिने नष्ट होण्यासाठी थोडे पाणी आवश्यक असते. अल्कोहोल ज्वालाग्राही असल्याने गॅसच्या शेगडीजवळ किंवा देव्हाऱ्यातील निरांजन तेवत असताना ते वापरू नये. ब्लीचमुळे धातू गंजतो, म्हणून नळ आणि स्टीलचे सिंक ठरलेल्या वेळेनंतर पाण्याने धुवावे. अन्न ठेवण्याच्या ओट्यालाही हाच नियम लागू आहे. माणसांच्या अंगावर जंतुनाशक फवारू नये, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच स्पष्ट केले होते.

सोसायटीत दारावर येणारे सुटे फिनाईल आणि ॲसिड बहुधा शीतपेयाच्या जुन्या बाटलीत भरून मिळते, आणि ते मला सर्वाधिक धोकादायक वाटते, कारण तहानलेले मूल त्या बाटलीकडे सरबत समजूनच पाहते. घेतलेच, तर बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून ती कुलूपबंद कपाटात ठेवावी. चुकून कोणी ते प्यायल्यास उलटी करायला लावू नये. बाटली सोबत घेऊन थेट रुग्णालय गाठावे.