बाया काउंटरवर बोलतात, बापे स्टेटसवर

अंबाजोगाईत माझं ऑनलाइन सेवा केंद्र आहे. लाडक्या बहिणीची केवायसी, पीक विमा, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स. कोण कुठं काय सांगतं ते या खुर्चीवरून बरोबर कळतं.

बाया समोरासमोर मोकळ्या. दाखल्याला आलेली मावशी नवऱ्याची दारू, लेकीचं मोडलेलं लग्न, सोसायटीचं थकलेलं कर्ज सगळं सांगू लागते. मागची रांग कान टवकारून. व्हॉट्सॲपवर मात्र तिच्या जागी विठ्ठलाचा फोटो. तर मावशे, मन हलकं कर, पण ओटीपी मोठ्यानं वाचू नको. मोबाइलच माझ्यापुढं धर. आधारची झेरॉक्स कुणालाही द्यायची तर यूआयडीएआयच्या साइटवरून मास्क्ड आधार काढून घे; त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात. सगळीकडं तो चालत नाही, पण आधी विचारून बघायला काय जातंय?

बाप्यांचं उलटं. समोर विचारलं तर "बरं हाय". पण ट्रॅक्टर विकायचा म्हटलं की ग्रुपवर मोबाइल नंबर, गाव, आरसीचा फोटो, वर सातबाराही. हे आपल्याकडचंच खूळ नाही. २००९ साली छापलेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात सोशल साइटवर फोन आणि पत्ता टाकणाऱ्यांत मुलींपेक्षा मुलांचंच प्रमाण जास्त निघालं. दादा, नंबर टाकला तेवढा पुरे. कागद गिऱ्हाईक दारात आल्यावर दाखवा.

बाई तेवढी बडबडी, असं मात्र कुणी म्हणू नये. १९९२ मध्ये दोघा संशोधकांनी २०५ अभ्यास एकत्र करून पाहिले. बाया मनातलं थोडं जास्त सांगतात, पण फरक अगदी किरकोळ.

बाप्याला बोलतं करायचं असेल तर चारचौघांत, पारावर विचारू नका. तिथं तो हसून उडवणारच. मोटारसायकलवर मागं बसा, नाहीतर सोयाबीनची पोती उचलताना बरोबर राहा. तोंडाकडं बघायचं नसलं की त्याला बोलता येतं. अन् रात्री दोनला "आता सहन होत नाही" असलं स्टेटस दिसलं तर खाली हात जोडलेले चिन्ह टाकून झोपू नका. फोन लावा. "जेवलास का?" इथून सुरुवात करा, कर्जाचा आकडा पहिल्याच फोनला काढू नका. जिवाचं काही बोलला तर त्याला एकटं सोडू नका, घरच्यांना उठवा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.